फॉस्फोरिलेशनच्या आकड्यांवरून पेशीचे संकेतजाळे काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींना तुम्ही मेक या कायनेजचा (म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट गट लावणाऱ्या विकराचा) अवरोधक दिला आणि २४ तासांनी पेशी फोडल्या. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींचे तीन-तीन नमुने घेऊन मास स्पेक्ट्रोमीटर या वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर सुमारे ९,००० फॉस्फोरिलेशन-स्थाने, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट गट बसतो त्या जागा, मोजली. आता या आकड्यांवरून पेशीतील संकेतवहनाचे जाळे काढायचे आहे आणि त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे, असे तुम्ही विचारता.

सॉफ्टवेअरची नावे मी पुढे सांगणारच आहे, पण आधी एक अप्रिय गोष्ट सांगून टाकतो. एकच औषध आणि एकच वेळ एवढ्या माहितीतून कोणती स्थाने बदलली याची यादी मिळते, आणि कोणत्या कायनेजची क्रियाशीलता बदलली असावी याचा बऱ्यापैकी अंदाजही बांधता येतो. मात्र ‘अमुक प्रथिन तमुक प्रथिनाला चालना देते’ असा बाण त्यातून काढता येत नाही, आणि जे सॉफ्टवेअर तो काढून देते ते तो तुमच्या आकड्यांतून नव्हे, तर आपल्या पोटातील जुन्या माहितीसाठ्यातून काढत असते. बाण हवे असतील तर पेशीला अनेक ठिकाणी डिवचावे लागते, आणि ते कसे करायचे हे सांगण्यासाठीच हे उत्तर लांबले आहे.

आधी हातात आलेल्या आकड्याचा अर्थ पाहू. ट्रिप्सिन या विकराने प्रथिनांचे तुकडे (पेप्टाइडे) केल्यावर ज्या पेप्टाइडवर फॉस्फेट गट बसलेला असतो त्याचे वस्तुमान ७९.९७ डाल्टनने वाढते, आणि अशी पेप्टाइडे टायटॅनियम डायऑक्साइडवर किंवा लोहाच्या आयनांवर पकडून वेगळी काढता येतात. म्हणजे आपण मोजतो ते प्रथिन नसून प्रथिनावरील एक विशिष्ट जागा असते. हा भेद वाचताना सोपा वाटतो, पण निष्कर्ष लिहिताना हटकून विसरला जातो. एसआरसी हे कायनेज घ्या. त्याच्या टायरोसीन ४१६ वर (म्हणजे ४१६ व्या जागेवरील टायरोसीन या अमिनो आम्लावर) फॉस्फेट बसला की ते जागे होते आणि टायरोसीन ५२७ वर बसला की मिटून बसते. ‘एसआरसीचे फॉस्फोरिलेशन दुप्पट झाले’ या वाक्याला त्यामुळे काहीच अर्थ उरत नाही. शिवाय हे दोन्ही क्रमांक कोंबडीच्या प्रथिनाचे आहेत. माणसात तीच स्थाने ४१९ आणि ५३० आहेत. जुने शोधनिबंध आणि तुमच्या मास स्पेक्ट्रोमीटरचा अहवाल यांचा मेळ बसत नसेल, तर पहिला संशय क्रमांकांवर घ्यावा.

तुमच्या प्रयोगात याहून मोठा खड्डा मेकमध्येच आहे. रॅफ, मेक आणि ईआरके ही कायनेजांची साखळी आहे: रॅफ मेकला आणि मेक ईआरकेला चालना देते. नेहमीच्या काळात ईआरके हे कायनेज आपल्या वरच्या पायरीवरील रॅफला फॉस्फेट लावून आवरते, म्हणजे साखळीतील खालची पायरी वरच्या पायरीवर लगाम ठेवते. पीडी-०३२५९०१ सारख्या अवरोधकाने मेक बंद केले की ईआरके थंड पडते, लगाम सुटतो, रॅफ मोकाट होते आणि मेकच्या सेरीन २१८ व २२२ या स्थानांवर भराभर फॉस्फेट लावू लागते. ज्या स्थानांना आपण ‘मेक सक्रिय असल्याची खूण’ म्हणतो तीच स्थाने मेक निकामी असताना वर गेलेली दिसतात. एकेटी या दुसऱ्या कायनेजच्या, एटीपी या ऊर्जा-रेणूच्या जागेवर बसणाऱ्या अवरोधकांचेही असेच आहे: त्यांनी एकेटीचे काम थांबते, पण थ्रिओनीन ३०८ व सेरीन ४७३ येथील फॉस्फेट वाढतो. म्हणून अवरोधक दिलेल्या कायनेजची स्थिती त्याच्या स्वतःच्या फॉस्फेटवरून कधीही ठरवू नये. ते ज्यांना फॉस्फेट लावते त्या प्रथिनांकडे पाहावे.

दुसरी अडचण २४ तासांची आहे. संकेतवहन सेकंदांत आणि मिनिटांत घडते. माथियास मान यांच्या गटाने २००६ साली हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगपेशींना ईजीएफ हा वाढ-घटक देऊन ०, १, ५, १० आणि २० मिनिटांनी मोजमाप केले आणि २,२४४ प्रथिनांवरील ६,६०० स्थाने नोंदवली. त्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्थाने दुपटीने किंवा त्याहून अधिक बदलली होती, आणि त्यांतील कित्येकांचा चढउतार त्या वीस मिनिटांतच आटोपला होता. तुमच्या पेशींनी २४ तासांत बरेच काही उरकलेले आहे. ईआरकेच्या हुकमावर तयार होणारी डीयूएसपी६ सारखी फॉस्फेटेजे (फॉस्फेट काढून टाकणारी विकरे) संपली आहेत, अनेक प्रथिनांचे प्रमाणच बदलले आहे, आणि मेक बंद झाल्यामुळे पुष्कळ पेशी विभाजनाच्या आधीच्या टप्प्यावर थबकल्या आहेत. विश्लेषणात ‘सीडीके१ आणि सीडीके२ यांची (म्हणजे विभाजन चालवणाऱ्या कायनेजांची) क्रियाशीलता सर्वाधिक घटली’ असे निघाले, तर ते बहुधा खरेच असेल. पण त्याचा अर्थ विभाजन करणाऱ्या पेशींची संख्या कमी झाली एवढाच असू शकतो, आणि मेककडून सीडीकेकडे जाणारी नवी वाट सापडली असे त्यातून सिद्ध होत नाही. इतक्या उशिराच्या मोजमापासोबत प्रथिनांचे एकूण प्रमाणही मोजलेले असायलाच हवे, नाहीतर फॉस्फेट वाढला की प्रथिन वाढले हे सांगता येणार नाही. पंधरा मिनिटांच्या प्रयोगात हे मोजमाप टाळले तर बहुधा चालते.

पेशी हाताळण्याबद्दल थोडे, कारण इथे झालेली चूक पुढे कोणत्याही गणिताने दुरुस्त होत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी इनक्युबेटरमधून थाळ्या नेहमी एकाच क्रमाने काढत असे, आधी औषध न दिलेल्या आणि शेवटी औषध दिलेल्या. शेवटच्या थाळ्या तोवर वीसेक मिनिटे बाहेर थंड होत राहत. त्या पेशींत जेएनके आणि पी३८ या ताणाच्या कायनेजांचे संकेत ठळक उमटले, आणि औषधामुळे जेएनके जागे होते अशी एक सुंदर आकृती मी सहा महिने मिरवली. एका सहकाऱ्याने थाळ्यांचा क्रम उलटा करायला सांगितला आणि आकृतीही उलटी झाली. तेव्हापासून थाळ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवतो. रुग्णाच्या गाठीचा तुकडा असेल तर प्रकरण याहून नाजूक असते. रक्तपुरवठा तुटल्यानंतर ६० मिनिटांपर्यंत ठेवलेल्या गाठींच्या ऊतीत प्रथिनांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, पण फॉस्फोरिलेशन-स्थानांपैकी २४ टक्क्यांपर्यंत स्थाने बदलली, असे २०१४ मधील अमेरिकी अभ्यासात दिसले होते. तुकडा शस्त्रक्रियेनंतर किती मिनिटांनी गोठवला याची नोंद नसेल तर अशा नमुन्यावर संकेतजाळ्याचे काम मी हाती घेत नाही.

आता स्थानांकडून कायनेजांकडे जाऊ. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ५१८ कायनेजे आहेत, पण नोंदवलेल्या स्थानांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक स्थानांवर कोणते कायनेज काम करते हे ठाऊक नाही. जी थोडी माहिती आहे ती ईआरके, सीडीके, एकेटी, पीकेए अशा चिरपरिचित मंडळींभोवतीच साठलेली आहे. केएसईए नावाची पद्धत एखाद्या कायनेजची ज्ञात लक्ष्यस्थाने एकत्र घेते आणि ती सर्व मिळून वर सरकली आहेत की खाली, हे तपासते. तुमच्या सध्याच्या माहितीवर ही पद्धत जरूर चालवा. पाचपेक्षा कमी लक्ष्यस्थाने मिळालेली कायनेजे मात्र बाजूला ठेवा. तिच्या उत्तरात प्रसिद्ध कायनेजेच वारंवार दिसतील, आणि त्यामागे जीवशास्त्राइतकाच आजवर कोणी कशावर संशोधन केले याचा इतिहास असेल.

ही तूट भरून काढण्याचा मोठा प्रयत्न २०२३ साली झाला. सेरीन व थ्रिओनीनवर काम करणाऱ्या ३०३ मानवी कायनेजांना फॉस्फेट लावण्याच्या जागेभोवती कोणता अमिनो आम्लांचा क्रम आवडतो, हे पद्धतशीर मोजून प्रसिद्ध करण्यात आले. त्यामुळे कोणतेही अनोळखी स्थान कोणत्या कायनेजला साजेल याची क्रमवारी लावता येते. उपयोग मोठा आहे, पण ‘साजेल’ आणि ‘लावते’ यांत अंतर आहे. एकेटी, आरएसके आणि एस६के या तिघांनाही आधी आर्जिनिन असलेले जवळपास सारखेच क्रम आवडतात. सीडीके आणि ईआरके दोघांनाही पुढे प्रोलीन हवे असते. एस६ या रायबोसोम-प्रथिनाच्या सेरीन २३५ व २३६ या स्थानांवर एस६के जसे फॉस्फेट लावते तसेच ईआरकेच्या हाताखालचे आरएसकेही लावते, तर २४० व २४४ येथे मुख्यतः एस६केच. तुमच्या पेशींत २३५-२३६ खाली गेले म्हणून एस६केला चालवणाऱ्या एमटॉर या कायनेजची वाट बंद झाली असे लिहिण्याआधी २४०-२४४ कडे पाहून घ्या. क्रमावरून न सुटणारा हा गुंता दोन अवरोधकांनी सहज सुटतो: मेक बंद केल्यावर स्थान खाली येते की एकेटी-एमटॉरच्या वाटेच्या वरचे पीआय३के बंद केल्यावर, एवढेच पाहायचे असते.

टायरोसीनबद्दल एक अवांतर गोष्ट सांगतो. एकूण फॉस्फोरिलेशनमध्ये टायरोसीनचा वाटा इतका अल्प असतो की २००६ च्या त्याच मोजमापात तो २ टक्क्यांच्या आतच होता. १९७९ साली टोनी हंटर यांना तो पहिल्यांदा दिसला, तोही त्यांनी ताजा बफर न बनवता जुनाच वापरला म्हणून. त्या बफरची आम्लता सरकून १.९ ऐवजी १.७ झाली होती, आणि एरवी थ्रिओनीनच्या ठिपक्याखाली झाकला जाणारा टायरोसीनचा ठिपका त्यामुळे वेगळा पडला. तुमच्या ९,००० स्थानांत टायरोसीनची शंभर-दीडशे असतील तर ते स्वाभाविक आहे. पण ईजीएफआर (पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफचा ग्राही) आणि त्याचे सोबती प्रामुख्याने टायरोसीनवरच बोलतात, म्हणून तुमच्या प्रश्नासाठी टायरोसीनवरील फॉस्फेट ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने वेगळे गोळा केलेले नमुने लागतील.

आता मुख्य विषय, म्हणजे बाण. पाटाचे पाणी कोणत्या शेताला कोणत्या चारीतून जाते हे विहिरींच्या पातळ्या मोजून कळत नाही, कारण पाऊस पडला की सगळ्याच पातळ्या एकत्र वर जातात. त्यासाठी एकेक दार बंद करून कुठले पाणी आटते ते पाहावे लागते. पेशीत ईजीएफ दिल्यावर ईआरके आणि एकेटी दोन्ही वर जातात. त्यांचे आकडे कितीही सुसंगत असले तरी एक दुसऱ्याला चालवते, दुसरा पहिल्याला चालवतो, की दोघांना तिसराच चालवतो, हे त्या सुसंगतीत लिहिलेले नसते.

याचे आजही शिकण्यासारखे उदाहरण २००५ सालचे आहे. कॅरेन सॅक्स, गॅरी नोलन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या टी-पेशींत ११ संकेत-रेणू एकाच वेळी, एकेका पेशीत आणि हजारो पेशींत मोजले आणि बेझियन, म्हणजे संभाव्यतेवर आधारलेल्या, पद्धतीने त्यांचे जाळे काढले. पाठ्यपुस्तकातील बहुतेक ज्ञात जोड त्यात आपोआप उमटले, आणि ईआरकेकडून एकेटीकडे जाणारा एक बाण मिळाला तो त्यांनी नंतर ईआरके कमी करून तपासलाही. हा शोधनिबंध सांगताना लोक गणिताचे कौतुक करतात. माझ्या मते यशाचे खरे कारण हे की त्यांनी पेशींना वेगवेगळ्या रेणूंवर नेम धरून चालना किंवा अडथळा दिला होता. अशा नेमक्या हस्तक्षेपांशिवाय त्या पद्धतीला बाणांची दिशा ठरवणे जड जाते. तिची एक मर्यादाही ध्यानात ठेवा: अशा जाळ्यात फेरा चालत नाही, म्हणजे खालून वर येणारा लगाम त्यात काढताच येत नाही. तुमच्या पेशींची तर सारी गोष्ट त्या लगामाचीच आहे.

फेऱ्यांसाठी मला सर्वांत भरवशाची वाटणारी पद्धत म्हणजे बोरिस खोलोडेंको यांनी २००२ मध्ये मांडलेली मॉड्युलर रिस्पॉन्स अॅनॅलिसिस. तिची कल्पना साधी आहे. समजा रॅफ, मेक आणि ईआरके असे तीन टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याला आळीपाळीने हलकासा धक्का द्यायचा आणि दर वेळी तिन्ही टप्प्यांचा प्रतिसाद मोजायचा. जो प्रतिसाद दिसतो तो जाळ्यातून सगळीकडे पसरून आलेला एकूण परिणाम असतो. या सर्व प्रतिसादांचा तक्ता मॅट्रिक्स म्हणून उलटा केला की टप्प्याटप्प्यांमधील थेट परिणाम वेगळे निघतात, त्यांची दिशा कळते आणि चिन्हही कळते. जितके टप्पे तितके स्वतंत्र धक्के लागतात, ही तिची किंमत. मॅट्रिक्स उलटी करताना मोजमापातील गोंगाटही फुगतो, म्हणून तीन नमुन्यांवर समाधान मानू नये आणि टप्पे हजारांत नव्हे, दहा-पंधराच घ्यावेत.

या पद्धतीने काय हाती लागते याचे माझे आवडते उदाहरण बास्टियान्स यांच्या गटाचे २००७ चे काम आहे. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीपासून आलेल्या पीसी१२ पेशींना ईजीएफ दिले तर ईआरके थोडा वेळ पेटून विझते आणि पेशी विभागतात. एनजीएफ हा दुसरा वाढ-घटक दिला तर ईआरके तेवत राहते आणि पेशींना चेतापेशींसारखे धागे फुटतात. रॅफ, मेक आणि ईआरके तीच असताना हे कसे, हा जुना प्रश्न होता. एकेक टप्पा कमी करून मोजल्यावर दिसले की ईजीएफखाली ईआरकेकडून रॅफकडे जाणारा फेरा ऋण असतो, तर एनजीएफखाली तो धन होतो. जोड तेच राहिले, पण एका जोडाचे चिन्ह पालटले. ‘या पेशीचे संकेतजाळे’ असे एकच चित्र छापणाऱ्यांनी हा निष्कर्ष टेबलासमोर चिकटवून ठेवावा.

तुमच्या पेशींना अगदी लागू पडणारे काम बर्लिनमधील निल्स ब्ल्यूटगेन यांच्या गटाचे आहे. त्यांनी २०१३ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या अनेक पेशीप्रकारांत मोजकीच फॉस्फोप्रथिने, पण अवरोधक आणि वाढ-घटकांच्या अनेक जोड्यांखाली मोजली आणि त्याच कुळातील गणित लावले. मेक बंद केल्यावर एकेटी वर जाते, आणि ते मेककडून ईजीएफआरवर असलेला लगाम सुटल्यामुळे, असे जाळ्याने दाखवले. मेक आणि ईजीएफआर दोन्ही एकत्र अडवल्यावर गाठीची वाढ अधिक चांगली रोखली गेली. आदल्या वर्षी अॅम्स्टरडॅममधील रेने बर्नार्ड्स यांच्या गटाने बीआरएएफ (रॅफचा एक प्रकार) मध्ये व्ही६००ई बदल असलेल्या आतड्याच्या कर्करोगात असाच लगाम दाखवला होता. मेलॅनोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) उत्तम चालणारे बीआरएएफ-अवरोधक आतड्यात एकट्याने का हरतात याचे कोडे त्यातून उलगडले, आणि २०२० मध्ये अमेरिकेत एन्कोराफेनिब (बीआरएएफ-अवरोधक) व सेटुक्सिमॅब (ईजीएफआर अडवणारे प्रतिपिंड) ही जोडी त्याच रुग्णांसाठी मंजूर झाली.

हे सर्व आपोआप करणारे गणित नाही का, असे विद्यार्थी विचारतात. त्याची मोठी परीक्षा होऊन गेली आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या चार पेशीप्रकारांवर आणि आठ उत्तेजकांखाली घेतलेल्या मोजमापांवरून जाळी काढण्याची खुली स्पर्धा ड्रीम उपक्रमात झाली. तिचा निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दोन हजारांहून अधिक जाळी तपासली गेली. एमटॉर-अवरोधकाची मोजमापे स्पर्धकांपासून लपवून ठेवली होती आणि त्यांच्याशी ताडूनच गुण दिले गेले. काही पद्धती चांगल्या ठरल्या, पण जुने ज्ञान आधाराला घेणाऱ्या पद्धतींना साधारणपणे त्याचा लाभ झाला. म्हणून ज्ञात जाळे सांगाडा म्हणून घ्यावे. त्यासाठी बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सने विकसित केलेल्या नेटपाथसारखे संग्रह उपयोगी पडतात. कोणते जोड आपल्या पेशींत चालू आहेत आणि कोणते बंद, हे मग सेलनॉप्टसारख्या सॉफ्टवेअरने आपल्या आकड्यांवरून ठरवावे. हजारो स्थाने असतील तर फोनेमेस हे त्याच विचाराचे, मास स्पेक्ट्रोमीटरच्या माहितीसाठी बनवलेले साधन आहे. सॉफ्टवेअर कोणतेही वापरा, एका अवरोधकाची माहिती पूर्णपणे बाजूला ठेवा आणि जाळ्याला तिचे भाकीत करायला लावा.

तुमच्या जागी मी असतो तर पुढचा प्रयोग असा मांडला असता. पेशी रात्रभर सीरमविना ठेवायच्या. मेक, पीआय३के, ईजीएफआर आणि एमटॉर यांचे अवरोधक एकेकटे, आणि पाचवा नुसता द्रावक, तासभर आधी द्यायचे. मग ईजीएफ, आयजीएफ१, एचजीएफ यांपैकी एक वाढ-घटक किंवा काहीच नाही, अशा चार पर्यायांनी दहा मिनिटे चालना द्यायची. या २० परिस्थिती झाल्या. प्रत्येकी तीन नमुने धरले तर ६०. इतके नमुने मास स्पेक्ट्रोमीटरवर चालवण्याचा खर्च आणि यंत्राची पाळी मिळण्यातील अडचण मला ठाऊक आहे, म्हणून ६० ही नमुन्यांत दहा-बारा निवडक स्थाने मणी-आधारित चाचणीने किंवा वेस्टर्न ब्लॉटने (दोन्हींत प्रतिपिंडांनी निवडक प्रथिने मोजतात) मोजा, आणि त्यांतील सर्वांत बोलक्या सहा परिस्थितीच मास स्पेक्ट्रोमीटरकडे पाठवा. निष्कर्ष ज्या अवरोधकावर उभा असेल त्याच लक्ष्याचा, पण रचनेने वेगळा असलेला दुसरा अवरोधकही वापरा. म्युनिकमधील कुस्टर यांच्या गटाने २०१७ मध्ये रुग्णांसाठी वापरात किंवा चाचणीत असलेल्या २४३ कायनेज-अवरोधकांची खरी लक्ष्ये मोजली तेव्हा अनेकांचे हात नावापेक्षा कितीतरी लांब पोहोचलेले निघाले.

आणि हातातील २४ तासांची माहिती फेकून देऊ नका. तिच्यात स्थाननिश्चितीची शक्यता (फॉस्फेट नेमका त्याच जागी असल्याची खात्री) ०.७५ पेक्षा कमी असलेली स्थाने गाळा, प्रथिनांच्या प्रमाणाचे मोजमाप त्याच उरलेल्या नमुन्यांतून करून घ्या, आणि मग ईजीएफआर व एकेटी यांची लक्ष्यस्थाने खरोखर वर गेली आहेत का एवढेच पाहा. ती वर गेली असतील तर ६० नमुन्यांच्या प्रयोगात ईजीएफआर-अवरोधकाचे खाने सर्वांत आधी भरा. गेली नसतील तर तुमच्या पेशींचा प्रकार तो लगाम बाळगतो का, हे एका साध्या वेस्टर्न ब्लॉटवर, मेक-अवरोधक दिल्यानंतर १, ४ आणि २४ तासांनी एकेटीचे सेरीन ४७३ मोजून, आधी ठरवा.